पुरे, साकु, बस, चालु

आमच्या औरादेत 'पुरे' म्हणायला चार शब्द आहेत. मराठीत पुरे, कानडीत साकु, दखनीत बस आणि तेलुगूत चालु. तालुका कर्नाटकाचा, जिल्हा बीदर. पण एका अंगाला उदगीर-देगलूर, दुसऱ्या अंगाला तेलंगण. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि औराद-भालकी-हुमनाबादसह बीदर म्हैसूर राज्यात. कागदावर जमीन वाटली गेली, सोयरीक काही वाटली गेली नाही. त्यामुळे गावच्या अमरेश्वराच्या जत्रेत पंगतीला बसलं की एकाच ओळीत चारही शब्द कानावर यायचे. तेलुगू पाहुणा पत्रावळीवर आडवा हात धरून "चालु, चालु" म्हणायचा, आणि महाराष्ट्रातून आलेला एखादा नवखा वाढपी "चालू ठेवा म्हणतायत" असं समजून वरणाच्या आणखी दोन पळ्या त्याच्या हातावरून ओतायचा. पाहुणा तेलुगूत ओरडायचा, वाढपी मराठीत माफी मागायचा, आणि आम्ही पोरं पोट धरून हसायचो.

आता हसू जरा जपून येतं. कारण आमची पिढी नेमकी तेवढाच प्रवास करून आली आहे. तेलुगूतल्या 'चालु'पासून निघाली आणि मराठीतल्या 'चालू'पाशी येऊन बसली.

आधी एक कबुली देऊन ठेवतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसानं 'आमच्या वेळी' असं म्हटलं की ऐकणाऱ्यानं अर्धं वजा करावं. आठवण गोडधोड तेवढं वाढते, कडू भांड्यातच ठेवते. मी दोन्ही वाढायचा प्रयत्न करतो. पंगतीत बसला आहात तर दोन्ही खा.

तेव्हा खळ्यावर ज्वारीची रास व्हायची. किलो कायद्यानं १९५८ पासून आला होता, पण आमच्या खळ्यापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. तोवर पायली, शेर, मापटं, चिपटं. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' कधी म्हणत नसे, 'लाभ' म्हणत असे. शेजारच्या शेतातले चाचा 'बरकत' म्हणत. मग दोन, तीन, चार. माप शिगेचं. काठाच्या वर दाण्यांचं शिखर उभं राहायचं, आणि तो ते माप उचलून पोत्यात उपडं करेपर्यंत आम्ही श्वास धरून बघायचो. रास उचलली तरी तळ झाडून नेत नसत. खाली उरेल ते चिमण्यांचं, आणि तिन्हीसांजेला पदर पसरून येणाऱ्या बायकांचं. आमचं मोजून झालं, म्हणजे आमचं पुरे झालं, असा त्याचा अर्थ होता.

आता सोयाबीन मळणीयंत्रातून थेट पोत्यात आणि पोतं थेट काट्यावर जातं. काटा लाल आकडे दाखवतो, पॉइंटनंतरचेसुद्धा. 'लाभ' म्हणायला कोणी थांबत नाही, म्हणायचं तरी कोणाला? ट्रॉलीवाल्याला घाई असते. पण जुन्या मापाचंही सांगितलं पाहिजे. सावकाराच्या घरी पायल्या दोन असायच्या, घ्यायची वेगळी आणि द्यायची वेगळी. घ्यायची जरा पोटाळ, द्यायची जरा सडसडीत. दिसायला सख्ख्या बहिणी. आमचे आप्पा ते ओळखून होते, पण बोलत नव्हते, कारण पुढच्या मृगाला बी त्याच घरातून आणायचं होतं. आणि पदर पसरून येणाऱ्या बायका चिमण्यांच्या रांगेत का उभ्या होत्या, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. जुन्या मापाला शीग होती आणि खोटही होती. नव्या काट्याला दोन्ही नाही.

तेव्हा नवं कापड दिवाळीलाच, तेही दर वर्षी नाही. एकाच ताग्यातून आम्हा तिघा भावांचे शर्ट निघायचे. जत्रेत एखादा हरवला तर दुसऱ्याला दाखवून शोधता यायचा. शिंप्याला आप्पांची एकच सूचना, "वाढत्या अंगाचा शिव." म्हणून शर्ट पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी तोकडा. म्हणजे तीन वर्षांत एकच वर्ष आम्ही नीट कपडे घातले. मग तो धाकट्याकडे, धाकट्याकडून दळणाच्या पिशवीकडे, पिशवीतून मायच्या वाकळेत आणि वाकळेतून पोतेऱ्यात. तिकडं पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. माय दुपारी ओसरीवर पाय पसरून ती शिवायची. खाली आजीचं लुगडं, वर मावशीचं, मध्ये आमचे शर्ट. थंडीत पडल्या पडल्या बोटानं चाचपून सांगता यायचं, हा माझा तिसरीतला खिसा.

आता पार्सलवाला पोरगा दारात येतो. त्याला गल्लीतली सगळी घरं ठाऊक आहेत, आतली माणसं ठाऊक नाहीत. नातवानं मोजे बघायला घेतले होते, आले बूट. बूट लहान निघाले, परत गेले, त्यांच्या जागी दोन जोड आले, कारण दोन घेतले तर स्वस्त पडत होते. कपाटाचं दार लागत नाही आणि 'घालायला काही नाही' हे वाक्य रोज ऐकू येतं. हे सांगताना मला मजा येते, ती जरा आवरतो. कारण माझ्याकडे शाळेचा शर्ट एकच होता. रविवारी रात्री धुऊन चुलीवर वाळवायचा. पावसाळ्यात तो वाळायचा नाही आणि मग धुराचा वास येणारा ओला शर्ट घालून मी शेवटच्या बाकावर बसायचो. त्याला कोणी साधी राहणी म्हटलं की मला तो वास येतो. साधेपणा आमच्यापैकी कोणी निवडला नव्हता. दुसरा शर्ट नव्हता, एवढंच. आणि वाकळ? माझी भाची पुण्यात 'हाताने शिवलेली पारंपरिक गोधडी' म्हणून एक विकत घेऊन आली. किंमत ऐकून मायनं विचारलं, "एवढ्यात माणूस बी येतंय का शिवायला?" घरातल्या वाकळा मात्र माळ्यावर आहेत, आणि आम्ही सगळे हलक्या, ऊबदार ब्लँकेटात गाढ झोपतो.

तेव्हा जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, शेंगांची चटणी. चवीला आजही तोड नाही, असं मी कोणालाही सांगतो. भात सणाला किंवा आजाऱ्याला. लहानपणी ताप आला की आधी आनंद व्हायचा. १९७२ च्या दुष्काळात मामाच्या गावी, उदगीरकडे, रेशनवर मिलो नावाचं लाल धान्य यायचं. त्याची भाकरी गार झाली की चामड्यासारखी चिवट. पण ती खाताना तक्रार केल्याचं आठवत नाही, आणि ह्याचाच आम्हाला पुढं फार अभिमान वाटू लागला. आम्ही बघा कसे कमीत समाधानी होतो!

हा अभिमान एका गोष्टीपाशी येऊन अडखळतो. घरात जेवायची एक ओळ असायची. आधी आप्पा आणि पाव्हणे, मग आम्ही मुलं, मग आजी, शेवटी माय. आप्पांना विचारलं जायचं, "अजून?" आम्हाला विचारलं जायचं, "अजून?" मायला विचारायला मागं कोणी उरलेलंच नसायचं. टोपल्यात शेवटची, कडेला करपलेली भाकरी असायची. आम्ही कधी म्हटलं, "माय, अर्धीच?" तर म्हणायची, "पुरं की मला. भूकच न्हाई." रोज कशी भूक नसायची हे कळायला मला स्वतःचा संसार मांडावा लागला. आमच्या समाधानाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडत होता, ते असं उशिरा कळलं.

आता फासा उलटा पडला आहे. कर्नाटकात २०१३ साली अन्नभाग्य योजना आली आणि सणाचा तांदूळ रेशनचा झाला. ज्वारी शेतातून मागं हटली, सोयाबीन पुढं आलं, आणि गरिबाची म्हणून हिणवलेली भाकरी आता शहरातल्या हॉटेलात तव्यावरून गरम ताटात पडते, तीही मोजून. घरात फ्रीज आहे. परवाची भाजी, कालचं वरण, आजची पोळी, सगळं त्यात नांदतं. पूर्वी उरत नव्हतं म्हणून वाया जात नव्हतं, आता उरतं म्हणून आधी जपलं जातं आणि मग टाकलं जातं. तरी फ्रीजचा दरवाजा उघडून मायला कोणाच्याही मागं न थांबता दूध घेताना मी बघतो, तेव्हा जुनं टोपलं परत यावं असं मला म्हणवत नाही.

मग मी नक्की कशासाठी हळहळतो? त्याचं उत्तर मला येळवसेला सापडतं. मार्गशीर्षातली अमावस्या. तिला पंचांगात वेळा अमावस्या म्हणतात, लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत आम्ही येळवस म्हणतो. तेव्हा आदल्या रात्री घरात कोणी झोपत नसे. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यात आंबत असायची, तुरीचे आणि वालाचे हिरवे दाणे सोलून भज्जीची तयारी व्हायची, उंडे वळले जायचे. सकाळी बैलगाडी. शेतात कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली की पंगत. आणि त्या दिवशी वाटेनं जाणारा कोणीही हाक मारून बसवला जायचा. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची आमंत्रणं. शेजारच्या शेतात आंबील प्यायला नाही गेलं तर शेजारी वर्षभर बोलून दाखवायचा. चार शेतं फिरून आलेला माणूस पाचव्या बांधावरून हात जोडत जायचा, "साकु, साकु!" तरी त्याला कोणी सोडायचं नाही.

आता येळवसेला मोटारी निघतात. उदगीर-लातूरचे रस्ते अजूनही त्या दिवशी ओस पडतात, गर्दी शेतातच असते. आंबील कॅनमध्ये, कोप ताडपत्रीची, भज्जीचा फोटो आधी आणि घास नंतर. ज्यांचं शेत तेच त्यांच्या शेतात, आपापल्या सतरंजीवर. पण 'वाटेनं जाणारा कोणीही' ह्या माझ्या वाक्यात एक खोट आहे. तेव्हा काही माणसं हाक मारूनही पंगतीत बसत नव्हती, बांधापलीकडे बसत होती, आणि त्यांच्या हातावर आंबील वरून ओतली जायची. त्यांचे नातू आज स्वतःच्या मोटरसायकलीवर स्वतःच्या बायको-पोरांना घेऊन फिरायला जातात, आमच्या पंगतीची वाट बघत नाहीत. सतरंज्या वेगळ्या झाल्याचं मी दुःख करतो, पण सतरंजी एक होती कधी?

तरीही त्या पंगतीत एक गोष्ट होती, जी आता नाही. 'पुरे' हा शब्द एकट्यानं म्हणता येत नाही. त्याला समोर वाढणारा लागतो. वाढणाऱ्याला तुमचा चेहरा दिसायचा आणि तुम्हाला त्याची बादली दिसायची. तळाशी किती उरलंय, मागं किती माणसं ताटकळली आहेत, हे दोघांनाही ठाऊक असायचं. तो आग्रह करायचा, तुम्ही नको म्हणायचात, तो पुन्हा आग्रह करायचा. तिसऱ्यांदा तुम्ही पत्रावळीवर वाकून दोन्ही हात आडवे धरले की तो पुढं सरकायचा. दुकानदारासमोर 'पुरे' म्हणायचात, शिंप्यासमोर म्हणायचात, आजीच्या तुपाच्या चमच्यासमोर म्हणायचात. आता वाढणाऱ्याला तोंडच नाही. फोनवर अंगठा वर सरकवला की खाली नवं येतं, आणखी सरकवला की आणखी येतं. बादलीला तळ नाही आणि मागच्या पंगतीत कोणी बसलेलं दिसत नाही. 'साकु' म्हणावं तरी कोणाला?

कर्जाचंही तसंच झालं. तेव्हा उधारीची वही होती. ती उघडताना मान खाली जायची आणि दुकानदार चष्म्यावरून बघायचा. त्या एका नजरेनं कितीतरी खरेद्या थांबल्या, आणि त्याच नजरेनं कितीतरी माणसं मेल्याहून मेली. आता कर्ज दारात येतं, हसत येतं, गटानं येतं. वसुलीला येतं तेव्हा हसत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारला वटहुकूम काढावा लागला, इतपत ते वाढलं. सावकाराच्या दोन पायल्या गेल्या म्हणून मी वर आनंद केला होता, तो इथं थोडा परत घेतो.

समाधानाच्या गोष्टीला आमच्याच जिल्ह्यात एक जुना आधार आहे. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या भोवती शरण, म्हणजे शिवभक्त, जमले, त्यांत आयदक्की मारय्या आणि त्यांची बायको लक्कम्मा होते. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. अंगणात सांडलेले दाणे वेचून आणायचे, त्यातच रांधायचं आणि त्यातूनच शरणांना जेवू घालायचं, हे त्यांचं कायक, म्हणजे श्रमाचं व्रत. कथा अशी, की एके दिवशी मारय्या रोजच्याहून जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी झोळी बघितली आणि म्हणाल्या, हे आपल्या रोजच्या मापाचं नाही, जिथून आणलं तिथं टाकून या. त्या दोघांच्या वचनांतली नाममुद्रा अमरेश्वराच्या नावाची. तो अमरेश्वर रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूरकडचा, आमचा औरादचा वेगळा. पण नाव एकच असल्यानं आम्ही उगीच हक्क सांगतो.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली आणि तिचा सोयीचा अर्थ लावला: गरिबांनी कमीत सुखी राहावं. नीट ऐकली तर ती उलटी आहे. तांदूळ घरात आले होते. ते ठेवायचे की नाही हे ठरवणारी बाई घरात होती, तिचं नवरा ऐकत होता, आणि 'पुरे' हा तिचा निकाल होता. माझ्या मायचं 'पुरं की मला' हा निकाल नव्हता. तिच्या पुढ्यात दुसरा पर्यायच नव्हता. दोन्हीकडे शब्द एकच, पण एकीनं जास्तीचं परत केलं आणि दुसरीला तेवढं कधी मिळालंच नाही.

म्हणूनच 'समाधानी राहा' असं वरच्या पायरीवरून खाली सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आमचा भाग समाधानी राहिला असता तर राज्यघटनेत ३७१-जे कलम आलं नसतं. २०१२ साली घटनादुरुस्ती झाली ती हैदराबाद-कर्नाटकातल्या, म्हणजे आमच्या भागातल्या, माणसांनी वर्षानुवर्षं 'पुरे नाही, आम्हाला कमी मिळालंय' असं म्हटलं म्हणून. त्यातून शिक्षणात आणि नोकऱ्यांत इथल्या पोरांना जागा मिळाल्या. २०१९ साली ह्या भागाचं नाव कल्याण कर्नाटक झालं. नाव शरणांच्या कल्याणचं आणि मागणी जास्तीची, दोन्ही एकाच पाटीवर. मला त्यात विसंगती दिसत नाही. हक्काचं मागावं, आणि ते मिळाल्यावर कुठं थांबायचं हे आपण ठरवावं. आमच्या पिढीला पहिली गोष्ट उशिरा जमली आणि दुसरी जमायच्या आत हातात फोन आला.

मायचं सांगून थांबतो. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून ती आधार कार्ड कमरेच्या पिशवीत घेऊन बीदर, भालकी, हुमनाबाद फिरली आहे. आयुष्यभर जिनं तिकिटाचे पैसे मागितले नाहीत, ती आता परत आल्यावर पुढच्या खेपेचं गाव सांगते. हा हव्यास म्हणायचा का? म्हणा.

गेल्या येळवसेला आम्ही भावांनी एक केलं. पहिल्या पंगतीत तिला बसवलं आणि आम्ही तिघे वाढायला उभे राहिलो. तिला अवघडल्यासारखं झालं. दोनदा उठायला लागली, दोनदा खाली बसवली. भज्जी झाली, उंडा झाला, आंबिलीचा एक पेला झाला. मी सवयीनं पुढं सरकलो. मागून आवाज आला, "अरं, थोडी आंबील वाढ की अजून."

मी मागं फिरलो आणि ती 'साकु' म्हणेपर्यंत वाढत राहिलो.